आधीं शिक्षा, मग निकाल

खुनाचा किंवा दरोड्याचा एखादा आरोपी जामिनावर मोकळा झाल्याचें वृत्त छापून आलें कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार ऐकूं येतो : "म्हणजे सुटला कीं हो तो !" या उद्गारांत संताप असतो, न्यायाविषयींची कळकळहि असते, परंतु त्यांत एक मूलभूत घोटाळाहि असतो, आणि तो निरक्षरांचा नसून पदवीधरांचा आहे. जामिनावर सुटणें म्हणजे आरोपांतून सुटणें नव्हे. खटला जागच्या जागीं असतो, साक्षीदार यावयाचे असतात, पुरावा तपासावयाचा असतो. आरोपीनें निकालाची वाट तुरुंगांत पाहावयाची कीं आपल्या घरीं, एवढाच प्रश्न जामिनाच्या अर्जावर सुटतो. हा साधा भेद ज्यांना परीक्षेंत विचारला असतां अचूक लिहितां येईल, तेच लोक वर्तमानपत्र हातीं घेतल्यावर तो विसरतात. प्रस्तुत लेखाचें प्रयोजन हा विसर किती महाग पडतो तें दाखविणें हें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली. पण या विषयांत जुन्या घराला नवी पाटी लावण्यापलीकडे फारसा फरक झालेला नाहीं. जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यांत तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. देहांत किंवा जन्मठेप ज्यांना सांगितली आहे अशा गुन्ह्यांत आरोपी दोषी असल्याचें मानण्यास सबळ कारण दिसलें तर दंडाधिकाऱ्यानें त्याला सोडूं नये, असें कलम ४८० सांगतें. लहान वयाच्या, स्त्री, आजारी वा अपंग आरोपीसाठीं त्यांत अपवाद आहे. सत्र न्यायालय व उच्च न्यायालय यांना मात्र कलम ४८३ खालीं याहून मोकळे अधिकार आहेत. म्हणजे गंभीर गुन्ह्यांत जामीन देऊंच नये असें सामान्य कायदा कोठेंहि म्हणत नाहीं. "अजामीनपात्र" हा शब्दच मुळीं फसवा आहे. त्याचा अर्थ "जामीन न मिळणारा" असा नसून "जामीन मागून घ्यावा लागणारा" असा आहे.

मग न्यायाधीशानें हा विवेक कसा वापरावा ? सर्वोच्च न्यायालयानें अनेक निकालांतून, विशेषतः २०१० च्या प्रशांत कुमार सरकार प्रकरणांत, विचारांत घ्यावयाच्या गोष्टींची यादीच दिली आहे. गुन्हा घडल्याचें प्रथमदर्शनीं दिसतें काय, आरोपाचें स्वरूप किती गंभीर, शिक्षा किती कडक, आरोपी पळून जाईल काय, त्याचें चारित्र्य, ऐपत व समाजांतील स्थान काय, तो पुन्हा गुन्हा करील काय, साक्षीदारांवर दडपण आणील काय, आणि जामिनामुळें न्यायाचा मार्गच अडेल काय. यादी चांगली आहे. पण यादीचा एक दोष असतो : तींत सर्व कलमें सारख्याच अक्षरांत छापलेलीं असतात. त्यांतलें साध्य कोणतें आणि साधन कोणतें, हें ज्यानें त्यानें ओळखावयाचें असतें. पळून जाणें, पुरावा बिघडविणें, पुन्हा गुन्हा करणें, हीं तीन भयें हा जामीन नाकारण्याचा खरा आधार आहे. आरोपाचें गांभीर्य हें त्या भयांकडे बोट दाखविणारें केवळ एक चिन्ह आहे. ज्याच्या मानेवर जन्मठेप लटकते आहे त्याला पळण्याचा मोह अधिक, एवढ्यापुरतेंच त्याचें महत्त्व. चिन्हालाच वस्तु मानून "आरोप गंभीर आहे, सबब अर्ज नामंजूर" असें लिहिणें हा विवेकाचा वापर नसून विवेकाला दिलेली सुट्टी होय.

महाराष्ट्रांतील वाचकाला हा भेद समजण्यासाठीं दूर जावयास नको. २७ जुलै १८९७ रोजीं लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईंत अटक झाली. आरोप लहान नव्हता. रँडसाहेबाच्या खुनानें सरकार बिथरलेलें होतें. प्रथम जामीन नाकारला गेला. परंतु ऑगस्टच्या आरंभीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं तो दिला. टिळकांच्या वतीनें तो अर्ज चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. टिळक सुटले, त्यांनीं आपल्या बचावाची तयारी केली, खटल्याला ते हजर राहिले, आणि दोषी ठरल्यावर त्यांनीं शिक्षाहि भोगली. ब्रिटिश साम्राज्याचें त्या काहीं आठवड्यांत कांहीं बिघडलें नाहीं. पुढें १९०८ सालीं पुन्हा टिळकांवर त्याच १२४ अ कलमाखालीं खटला झाला. जामिनासाठीं या वेळीं उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि न्यायासनावर होते तेच दावर. जामीन नाकारला गेला. आरोपी तोच, कलम तेंच; अकरा वर्षांपूर्वीं बचावाच्या बाजूनें ज्यांनीं तो हक्क मागितला तेच आतां तो नाकारणारे. टिळक पळून जातील असें दावरांना खरोखर वाटलें असेल काय ? मंडालेला जाण्याची तयारी असलेल्या पुरुषाविषयीं ही शंका कोणी घ्यावी ! बदललें होतें तें आरोपीचें मन नव्हे, न्यायाधीशाची खुर्ची आणि सरकारची प्रकृति बदलली होती. आपण लोकमान्यांची पुण्यतिथि साजरी करतों, परंतु या दोन अर्जांच्या इतिहासांतून जो धडा घ्यावयाचा तो घेत नाहीं.

दुसरें उदाहरण मीरत कटाच्या खटल्याचें. १९२९ च्या मार्चमध्यें देशभरांतून कामगार पुढारी पकडून मीरतेस नेले. त्यांत डांगे, जोगळेकर, मिरजकर, घाटे, निंबकर असे मुंबईचे कितीतरी होते. बादशहाचें सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट हा आरोप, म्हणजे गांभीर्याची पराकाष्ठा. सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो १९३३ च्या जानेवारींत. या खटल्यांतल्या एका आरोपीच्या अर्जावर १९३१ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं जामीन देणें हा नियम आणि नाकारणें हा अपवाद. कारण ज्याला कायदा निर्दोष मानतो त्याला आपलें निर्दोषपण सिद्ध करण्याची मोकळीक हवी. आज ज्याला आपण १९७७ च्या बालचंद प्रकरणांतील न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांचें सूत्र म्हणून गौरवितों, "जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद", त्याचें मूळ परकीय अमलांतल्या या निकालांत आहे. परक्यांच्या राज्यांत, राज्य उलथण्याच्या आरोपावरहि न्यायालय जें म्हणूं शकलें, तें स्वराज्यांत म्हणतांना आपल्या न्यायालयांची जीभ कां अडखळावी ?

याचें उत्तर कांहीं अंशीं आपल्या विधिमंडळांनीं केलेल्या कायद्यांत आहे. १९८७ च्या टाडा कायद्यांत एक अट होती : सरकारी वकिलाला विरोध करण्याची संधि द्यावी, आणि आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण आहे व तो सुटल्यावर गुन्हा करणार नाहीं अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन द्यावा. टाडाचा गैरवापर इतका झाला कीं १९९५ सालीं त्याची मुदत संपूं द्यावी लागली. पण त्याची ही अट मात्र मेली नाहीं. ती १९८९ च्या दुरुस्तीनें अमली पदार्थांच्या कायद्यांत गेली, १९९९ सालीं आपल्या महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यांत शिरली, आणि पुढें मनी लाँडरिंगविरोधी कायद्यांत ठाण मांडून बसली. तेथून तिला सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं बाहेर काढलें, संसदेनें २०१८ सालीं परत आणलें, आणि २०२२ सालीं त्याच न्यायालयानें तिच्यावर मान्यतेची मोहोर उमटविली. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत २००८ सालीं घातलेली अट शब्दांनीं निराळी पण वृत्तीनें तीच आहे : आरोप प्रथमदर्शनीं खरा मानण्यास जागा असेल तर जामीन नाहीं. त्यावर २०१९ च्या वटाली प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं या टप्प्यावर पुराव्याची बारकाईनें छाननी करूं नये. तो पुढें ग्राह्य ठरेल कीं नाहीं हेंहि पाहूं नये.

या अटीचा तर्क नीट तपासून पाहा. आरोपी निर्दोष आहे हें न्यायाधीशाला केव्हां पटावयाचें ? साक्षीदारांची उलटतपासणी होण्यापूर्वीं, बचावाचा एकहि साक्षीदार उभा राहण्यापूर्वीं. कशावरून पटावयाचें ? सरकार पक्षानें तयार केलेल्या कागदांवरून. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका लिहून व्हावयाची आहे, आणि परीक्षक म्हणतो कीं तूं उत्तीर्ण झाल्याचें आधीं मला दाखव, मग तुला परीक्षेला बसण्यापुरतें बाहेर सोडतों. जो सिद्ध करण्याचा भार सरकारचा, तो उचलून आरोपीच्या डोक्यावर ठेवला. आणि तोहि त्याचे हात बांधून. यालाच कोणी कडक कायदा म्हणत असेल तर म्हणो. तर्कशास्त्राचा अध्यापक त्याला हेत्वाभास म्हणेल.

याचें फळ काय मिळतें तें भीमा-कोरेगांव प्रकरणावरून दिसलें. त्यांतील व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा या मुंबईच्या दोघां आरोपींना २०१८ च्या ऑगस्टांत अटक झाली; सर्वोच्च न्यायालयानें त्यांना जामीन दिला तो २०२३ च्या जुलैंत. केवळ आरोप गंभीर आहे म्हणून जामीन नाकारतां येत नाहीं, असें त्या निकालांत न्यायालयानें म्हटलें. हें वाक्य लिहिलें जाईपर्यंत दोन माणसांचीं जवळजवळ पांच वर्षें गेलीं होतीं, आणि खटला पुढें सरकलेला नव्हता. त्याच प्रकरणांतले फादर स्टॅन स्वामी यांना २०२० च्या ऑक्टोबरांत पकडलें. वय ऐंशीच्या पलीकडे, हातांना कंपवात. पाणी पिण्यासाठीं नळीचा पेला हवा, एवढ्यासाठीं त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. जामिनाची वाट पाहत असतांनाच ५ जुलै २०२१ रोजीं मुंबईंतील रुग्णालयांत ते वारले. ते दोषी होते कीं निर्दोष ? मला ठाऊक नाहीं. आणि आतां कोणत्याहि न्यायालयाला तें ठरवितां येणार नाहीं. खटल्यावांचून झालेली ती देहांत शिक्षा नव्हे, असें ज्यांना म्हणावयाचें असेल त्यांनीं दुसरा शब्द सुचवावा.

येथें प्रतिपक्ष म्हणेल कीं तुम्ही सोयीचीं उदाहरणें निवडतां; खरोखरीच्या क्रूर गुन्ह्यांविषयीं बोला. बोलतों. २०१० सालीं केरळांत एका महाविद्यालयीन प्राध्यापकाचा हात, त्यानें काढलेल्या प्रश्नपत्रिकेच्या निमित्तानें, धर्मवेड्यांनीं तोडला. माझ्याच व्यवसायांतल्या माणसावर झालेल्या या अत्याचाराविषयीं माझ्या मनांत यत्किंचितहि सौम्यता नाहीं. त्या प्रकरणांतला नजीब नांवाचा आरोपी पांच वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून तुरुंगांत होता, आणि आधीं शिक्षा झालेल्या त्याच्या सहआरोपींपैकीं कोणालाहि आठ वर्षांपेक्षां अधिक शिक्षा झालेली नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्याचा जामीन कायम केला : खटला वाजवी काळांत संपण्याची आशा नसेल तर कायद्याच्या कडक अटीहि घटनेच्या एकविसाव्या कलमापुढें वितळतात, असें न्यायालय म्हणालें. आणि पुढें ? २०२३ सालीं त्याच आरोपीला न्यायालयानें दोषी ठरविलें. जामिनानें न्याय बुडाला नाहीं. तो ठरलेल्या ठिकाणीं, ठरलेल्या रीतीनें झाला. मात्र या नजीब निकालाच्या उदारतेंतहि एक कटु गोष्ट आहे. पांच वर्षें भोगल्यावर जामीन मिळत असेल, तर जामिनाचें शुल्क पांच वर्षांचा कारावास असें झालें. औषध उत्तम, पण रोगी अर्धा संपल्यावरच तें द्यावयाचें, असा हा उपचार आहे.

प्रतिपक्षाचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी टाळूं इच्छीत नाहीं. धनाढ्य आणि सत्ताधारी आरोपी बाहेर आले म्हणजे साक्षीदार फुटतात, पीडित कुटुंबें दहशतींत राहतात. हें खरें आहे. म्हणूनच लखीमपूर खेरीच्या २०२१ च्या प्रकरणांत मंत्रिपुत्राला उच्च न्यायालयानें दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें रद्द केला. मृतांच्या कुटुंबीयांचें म्हणणें ऐकण्याचा त्यांचा हक्क डावलला गेला, हें त्याचें एक कारण होतें. तो निर्णय योग्यच होता. पण या उदाहरणावरून सिद्ध काय होतें ? साक्षीदारांना धोका असेल तर जामीन नाकारावा, हें. तें मी आरंभींच मान्य केलें आहे. आरोपाचें नांव मोठें असेल तर जामीन नाकारावा, हें त्यांतून निघत नाहीं. साक्षीदाराला धोका गंभीर कलमानें होत नसतो, आरोपीच्या हातांतल्या सत्तेनें होतो. आणि सत्तावान् माणूस लहान कलमाखालींहि साक्षीदार फोडूं शकतो, तर मोठ्या कलमाखालचा मजूर आपल्या वकिलालासुद्धां गांठूं शकत नाहीं.

आपल्या पुण्यांतच १९ मे २०२४ रोजीं कल्याणीनगरांत भरधांव मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि मोटार चालविल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला कांहीं तासांतच, तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर जामीन मिळाला. शहर संतापलें, आणि तें योग्य होतें. परंतु संताप वळला तो "जामीन दिलाच कसा" या प्रश्नाकडे. अल्पवयीनांचा कायदा निराळा, आणि त्यांत सोडणें हाच सामान्य नियम आहे, हें कोणी लक्षांत घेतलें नाहीं. खरा संतापजनक भाग निराळाच होता : रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, आणि त्यावरून वैद्यकीय अधिकाऱ्यांना व मुलाच्या आईबापांना अटक झाली. हें घडलें असेल तर तें श्रीमंतीच्या बळावर, आणि कोणत्याहि जामिनाच्या निकालाची वाट न पाहतां. पुरावा बिघडविणाऱ्या हातांवर नजर ठेवावयाची सोडून आपण निबंधाच्या शब्दसंख्येवर हंसत बसलों.

जामिनाच्या प्रश्नांत धनाचा अन्याय आहे, पण तो आपण समजतों त्या जागीं नाहीं. तो जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यांत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत लपलेला आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणांत एका गवंड्याला दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ पुढें आला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांतली म्हणून नाकारण्यांत आला. सर्वोच्च न्यायालयानें हा प्रकार खोडून काढला. पुढच्याच वर्षीं हुसैनारा खातून प्रकरणांत बिहारच्या तुरुंगांचीं दारें उघडलीं तेव्हां, दोषी ठरल्यावर जितकी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ खटल्यावांचून डांबलेलीं माणसें सांपडलीं. याला चार दशकांच्या वर काळ लोटला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन जण असे, कीं ज्यांचा गुन्हा कोणीहि सिद्ध केलेला नाहीं. नव्या संहितेच्या कलम ४७९ नें, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वीं कधींहि दोषी न ठरलेल्यानें एक तृतीयांश काळ काढला असेल तर सुटका सांगितली आहे. पण देहांत व जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तिच्यांतून वगळलें आहे. म्हणजे ज्यांचे खटले सर्वांत लांबतात त्यांनाच हें दार बंद.

न्यायाधीशांविषयीं मला बोलावयाचें आहे तें आदरपूर्वक, पण स्पष्ट. २०२४ च्या ऑगस्टांत मनीष सिसोदिया यांना सतरा महिन्यांनीं जामीन देतांना सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं खालचीं न्यायालयें जामिनाच्या बाबतींत सुरक्षित खेळी खेळूं पाहतात. निदान अचूक आहे. पण रोग्याला भीति कोणाची वाटते तेंहि विचारलें पाहिजे. जामीन नाकारणाऱ्या न्यायाधीशाला कोणी जाब विचारीत नाहीं; देणाऱ्याच्या हेतूची मात्र दुसऱ्या दिवशीं चव्हाट्यावर चर्चा होते. ती चर्चा करणारे कोण ? आपणच. "सुटला कीं हो तो !" हा दिवाणखान्यांतला उद्गार तालुक्याच्या न्यायासनापर्यंत पोंचतो, आणि तेथें एका अर्जावर "नामंजूर" अशीं चार अक्षरें होऊन उतरतो.

तर मग मागावें काय ? तीन गोष्टी. पहिली, जामीन नाकारणाऱ्या प्रत्येक निकालांत त्या तीन भयांपैकीं कोणतें खरें आहे आणि कोणत्या वस्तुस्थितीवरून, हें लिहिलेंच पाहिजे. कलमाचा नुसता आंकडा हें कारण समजूं नये. दुसरी, साक्षीदारांच्या संरक्षणावर सरकारनें खर्च करावा. साक्षीदाराचें रक्षण करण्याची जबाबदारी टाळून आरोपीला कोंडणें हा स्वस्त पण आळशी मार्ग आहे. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आरोप जितका गंभीर, तितका खटला लौकर चालला पाहिजे. आज याच्या उलट चाललें आहे. आरोप गंभीर म्हणून आरोपपत्राला मुदत अधिक. मोक्का आणि बेकायदा कृत्यांच्या कायद्याखालीं नव्वदांचे एकशें ऐंशीं दिवस होऊं शकतात. आरोप गंभीर म्हणून साक्षीदार शेंकड्यांनीं, आणि गंभीर म्हणूनच जामीन नाहीं. ज्या सरकारला आपल्या पुराव्याविषयीं खात्री आहे, त्याला तो वर्षाच्या आंत न्यायालयापुढें मांडण्याचें भय कां वाटावें ? आणि ज्याला खात्री नाहीं, त्यानें माणसाला पांच वर्षें कोणत्या अधिकारानें कोंडावें ?

हा प्रश्न गुन्हेगारांच्या कैवाराचा नाहीं. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, कडक व्हावी, आणि ती निकालानंतर व्हावी, एवढेंच माझें म्हणणें आहे. ज्याच्या घरांतला मुलगा कधींहि आरोपी होणार नाहीं अशी खात्री वाटते त्याला हें म्हणणें अवाजवी वाटेल. त्यानें त्या चार लाख चौतीस हजारांच्या घरीं एकदां विचारून यावें, कीं तुम्हांलाहि अशीच खात्री होती काय.